फ्रेंच पूर्वज शोधायचेत? आडनाव बाजूला ठेवा, आधी गाव शोधा

फ्रान्समधलं घराणं शोधायला बसलेला माणूस पहिलं काय करतो, तर आडनाव गुगलमध्ये टाकतो. मग कुठल्यातरी पैसे घेणाऱ्या साइटवर पोचतो, तिथे त्या आडनावाची ढीगभर माणसं निघतात, त्यातला आपला कोण हे काही कळत नाही आणि आठवडाभरात उत्साह संपतो. फ्रान्सच्या बाबतीत हा रस्ताच उलटा आहे. तिथे नुसत्या आडनावाला फार किंमत नाही, किंमत आहे गावाला. कारण देशभरातल्या सगळ्या जुन्या जन्म-लग्न-मृत्यूंची एकच मोठी यादी असा प्रकार तिथे नाहीच. नोंद व्हायची गावच्या मेरीत, म्हणजे गावच्या नगरपालिका कचेरीत, आणि जुनी रजिस्टरं जातात जिल्ह्याच्या आर्काइव्हमध्ये, तिथेही ती लावलेली असतात गावाच्या नावाने आणि सालाने. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्याय वही उघडायच्या आधी "मूळ गाव कुठलं?" असं विचारतात ना, अगदी तसंच. गाव सांगता आलं तर वही उघडते.

हे कोणाच्या उपयोगाचं? ज्यांच्या घरी फ्रेंच सून किंवा जावई आलाय आणि नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ करायचीय, ज्यांचं पाँडिचेरीशी नातं आहे, किंवा ज्यांना शिंद्यांच्या पदरी असलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांच्या मागावर जायचंय. माझं निमित्त जावईबापू, ते नांतकडचे. फ्रेंच मला जेमतेम येतं, आणि तेवढं पुरतं, कारण या नोंदी एकाच साच्यात लिहिलेल्या असतात, तीसेक शब्द ओळखीचे झाले की वाचता येतात.

घरातले कागद आधी

कॉम्प्युटर चालू करायच्या आधी फोन करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि एकच गोष्ट मागा, लिव्रे द फामी. हे लग्नाच्या वेळी मेरीतून जोडप्याला मिळणारं कुटुंबाचं पुस्तक, 1877 पासून देतात, त्यात नवरा-बायकोची जन्मतारीख, जन्मगाव, दोघांच्या आईवडलांची नावं आणि पुढे होणाऱ्या मुलांच्या नोंदी. आमच्या विहीणबाईंकडे त्यांच्या आजीचं निघालं, पातळ पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेले, मुलांसाठी आखलेली पानं भरलेली आणि एका मुलाच्या नावापुढे महिन्याभरात मृत्यूची तारीख. त्या मुलाबद्दल घरात कोणालाच माहिती नव्हती. त्याशिवाय फौजेचं पुस्तक, पहिल्या कम्युनियनची कार्डं, नोटरीकडचे खरेदीखत-वाटणीपत्राचे कागद, फोटोच्या मागे छापलेला स्टुडिओचा पत्ता, हे सगळं मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काय शोधायचं तर गाव आणि साल, बाकी नंतर.

कागद नसतील तर दुसरी सोय आहे. फ्रान्सच्या सांख्यिकी खात्याने, म्हणजे इन्सेने, 1970 पासूनच्या मृत्यूंची फाइल फुकट खुली केलीय, आणि मॅचआयडी नावाच्या साइटवर ती नावाने शोधता येते. आजोबा 1983 ला वारले एवढं जरी माहीत असेल तरी नाव टाका, मृत्यूची तारीख आणि गाव तर मिळतंच पण जन्मतारीख आणि जन्मगावही मिळतं. एका मिनिटाचं काम आहे आणि तरी लोक हे सोडून भलतीकडेच फिरत बसतात. बाईला शोधताना माहेरचं आडनाव टाकायचं, हे लक्षात असू द्या, त्यावर पुढे येतेच.

अलीकडच्या नोंदी नेटवर दिसत नाहीत कारण जन्म आणि लग्नाच्या नोंदी 75 वर्षं बंद असतात, आणि नेटवर टाकताना जन्मासाठी बऱ्याच जिल्ह्यांत 100 वर्षांचा नियम लावतात. तेवढा मधला काळ असा ओलांडायचा की मेरीला लिहायचं. बहुतेक मेरींच्या वेबसाइटवर फॉर्म असतो, नाहीतर ईमेल करा. पूर्ण नाव, तारीख, आईवडलांची नावं द्या, आपण थेट वंशज आहोत ते सांगा, ओळखपत्र जोडा आणि कोपी एंतेग्राल म्हणजे पूर्ण नक्कल मागा, "उतारा" मागितलात तर अर्धी माहिती गाळून येईल. मृत्यूची नक्कल कोणालाही मिळते. आणि हे सगळं फुकट असतं हां, मेरी एक सेंटही घेत नाही, गुगलवर वर दिसणाऱ्या काही खाजगी साइट्स सरकारी असल्याचा आव आणून याच कामाचे पैसे लावतात, त्यांच्या नादी लागू नका.

गावच माहीत नसेल तर

"आजोबा ब्रिटनीकडचे होते", म्हणजे फ्रान्सच्या वायव्येकडच्या मुलखातले, एवढंच माहीत असतं पुष्कळदा. अशा वेळी आडनावाचा नकाशा कामाला येतो. जेओपात्रोनिम नावाच्या साइटवर आडनाव टाकलं की 1891 ते 1990 या काळात त्या आडनावाची मुलं कुठल्या जिल्ह्यात किती जन्मली ते दिसतं, आणि सगळ्यात जुना भाग, 1891 ते 1915 चा, तोच बघायचा कारण तोपर्यंत माणसं फारशी गाव सोडून गेलेली नसायची. दुर्मिळ आडनाव असेल तर एखाददुसऱ्या जिल्ह्यावर येऊन ठेपतं. मार्तां किंवा बर्नार असलं आडनाव असेल तर यातून काही हाती लागणार नाही, सोडून द्या.

दुसरा रस्ता फौजेचा. पहिल्या महायुद्धात घरातला कोणी मेला असेल, आणि फ्रेंच घरात तो असतोच असतो, तर मेमवार देझ ओम ही संरक्षण खात्याची साइट उघडा. तिथे "फ्रान्ससाठी मेला" असा शेरा असलेल्या सैनिकांची 13 लाखांहून जास्त कार्डं आहेत, नावाने शोधता येतात, फुकट. कार्डावर जन्मतारीख आणि जन्मगाव असतं. तुमचे आजोबा त्यात नसले तरी त्यांचा भाऊ किंवा चुलता असेल, आणि गाव तर तेच निघणार.

जो जिवंत परत आला त्याच्यासाठी रजिस्त्र मात्रिक्यूल, म्हणजे भरतीचं रजिस्टर. हे जिल्ह्याच्या आर्काइव्हच्या साइटवर असतं, आणि बऱ्याच जिल्ह्यांचं मिळून ग्रां मेमोरियाल नावाच्या पोर्टलवर नावाने शोधता येतं. भरतीची "क्लास" म्हणजे वयाची वीस वर्षं पुरी झाली ते साल, तर 1880 मध्ये जन्मलेला माणूस 1900 च्या क्लासमध्ये शोधायचा. या पानाइतका माणूस जिवंत करणारा कागद दुसरा नाही, उंची किती, केस-डोळ्यांचा रंग कसला, लिहिता-वाचता येतं का, कुठल्या पलटणीत, कधी जखमी, आणि नंतर कुठे कुठे राहायला गेला ते पत्ते. फोटो नसलेला पणजोबा इथे दिसतो.

जेनेआनेट, फॅमिलीसर्च, फिलाए, या साइट्स वापरायच्या त्या याच टप्प्यावर, गाव सापडेपर्यंत. फॅमिलीसर्च फुकट आहे, जेनेआनेटचा बराच भाग फुकट आहे. तिथे इतरांनी टाकलेली वंशवृक्षांची झाडं दिसतील, त्यातून गावाचं नाव उचला आणि पुढे स्वतः मूळ रजिस्टर बघा. ते झाड जसंच्या तसं आपल्यात कॉपी करू नका. एकाने अंदाजाने जोडलेला बाप दुसरा कॉपी करतो, त्याच्यावरून तिसरा, आणि मग चाळीस झाडांत तेच दिसतं म्हणजे खरंच असणार असं वाटायला लागतं. चाळीस झाडं म्हणजे एकच पुरावा, तोही बिनकागदाचा. आणि झाड शार्लमेन राजापर्यंत गेलं असेल तर चहा घ्या आणि खाली उतरून परत मोजा.

जिल्ह्याच्या आर्काइव्हची साइट

गाव मिळालं की कुठल्या जिल्ह्यात ते बघा. फ्रान्सचे हे देपार्तमां 1790 मध्ये पाडले, तेव्हा 83 होते, आज 101 आहेत, आणि प्रत्येकाला नंबर आहे, म्हणजे कोत-दोर 21, फिनिस्तेर 29, ल्वार-अत्लांतिक 44. प्रत्येक जिल्ह्याचं आपलं आर्काइव्ह आणि आपली वेबसाइट, आणि बहुतेक ठिकाणी रजिस्टरांचे फोटो फुकट बघता येतात. "आर्काइव्ह देपार्तमॉंताल" आणि जिल्ह्याचं नाव इंग्रजी अक्षरांत टाका, वरच्या टिंबा-मात्रा नाही दिल्या तरी चालतं. एकाच नावाची गावं डझनाने आहेत, सेंत-मारी म्हटलं तर कुठली सेंत-मारी, म्हणून जिल्हा पक्का करूनच पुढे जा. गाव नकाशावर सापडत नसेल तर ते शेजारच्या गावात विलीन झालं असेल किंवा क्रांतीच्या काळात नाव बदललं असेल, त्यासाठी कासिनीच्या, म्हणजे 18व्या शतकातल्या, नकाशांवरून बनवलेली गावांच्या इतिहासाची एक साइट आहे, तिथे कुठलं गाव कधी कशात मिसळलं ते मिळतं.

साइट उघडली की पारोक्य आणि एता सिव्हिल असं लिहिलेला भाग शोधा, पहिलं म्हणजे चर्चची रजिस्टरं आणि दुसरं म्हणजे सरकारी. मग गाव निवडा, प्रकार निवडा, साल निवडा. नेसांस म्हणजे जन्म, मारियाज लग्न, देसे मृत्यू. नावाने शोधायचा चौकोन बहुतेक ठिकाणी नसतो, आणि नवखा माणूस इथेच निराश होतो, की आता एवढी पानं एकेक करून बघायची का? नाही बघायची. ताब्ल देसेनाल उघडायचं. दर दहा वर्षांची ही नावांची यादी, गावागावाची, 1813 ते 1822, 1823 ते 1832 अशी 3 ने संपणाऱ्या सालापासून 2 ने संपणाऱ्या सालापर्यंत जाते, त्यात आडनाव आणि तारीख असते. तारीख मिळाली की मूळ रजिस्टरात त्या सालाला जाऊन थेट ते पान काढायचं. दहा वर्षांची यादी नसली तर प्रत्येक सालाच्या शेवटी छोटी सूची असते, शेवटच्या फोटोपासून उलटं यायचं.

एक प्रत्यक्ष करून बघण्यासारखं उदाहरण देते. टॉवरवाला गुस्ताव्ह आयफेल, जन्म 15 डिसेंबर 1832, दिजों, म्हणजे जिल्हा कोत-दोर. दिजोंची 1823 ते 1832 ची जन्माची यादी उघडून आयफेल शोधत बसलात तर हात हलवत परत याल. कारण तेव्हा घराण्याचं आडनाव होतं बोनिकहाउझेन, "दी आयफेल", म्हणजे आयफेल म्हणवणारे. त्यांचा पूर्वज 18व्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या आयफेल डोंगराळ भागातून पॅरिसला आला, मूळ नाव फ्रेंच जिभेला जड म्हणून मुलखाचं नाव चिकटलं, आणि गुस्ताव्हने 1880 मध्ये कायद्याने नुसतं आयफेल करून घेतलं. तर यादीत बघायचं "बी" खाली. या "दी" शब्दाने जोडलेली दुहेरी आडनावं फ्रान्समध्ये आणि विशेषतः क्युबेकला गेलेल्या घराण्यांत खूप सापडतात, एका पिढीत पहिलं नाव टिकतं, दुसरीत दुसरं, म्हणून नाव अचानक गायब झालं की दोन्ही बाजूंनी शोधा. बरं, आयफेलला लेजियों दोनर मिळालं होतं, आणि हा सन्मान मिळालेल्यांच्या फायली लेओनोर नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये आहेत, 1977 च्या आधी वारलेल्यांच्या. अशा फायलीत बहुतेकदा जन्मनोंदीची नक्कलच लावलेली असते. कुठल्या साध्या शिपायाला, शाळामास्तराला पण हा सन्मान मिळायचा, तेव्हा आपल्या घराण्याचं नाव टाकून बघायला काय जातं.

नोंद वाचायची कशी

सुरुवात लग्नापासून करा. जन्माच्या नोंदीत एक पिढी मिळते, लग्नाच्या नोंदीत एकदम दोन घरं मिळतात. 19व्या शतकातली लग्नाची नोंद म्हणजे दीड पान गिचमिड, पण आत सगळं असतं, मुलाचं वय, धंदा, कुठे जन्मला, कधी जन्मला, बापाचं नाव-धंदा, आईचं माहेरचं नाव, ते जिवंत आहेत का, हजर आहेत का, त्यांनी संमती दिली का, मग हेच सगळं मुलीकडचं, मग चार साक्षीदार, वय आणि नात्यासकट. नेपोलियनच्या कायद्याप्रमाणे मुलाला पंचविशीपर्यंत आणि मुलीला एकविशीपर्यंत आईबापाची संमती लागायची, म्हणून बाप मेला असेल तर तो कधी, कुठे मेला तेही लिहून ठेवलेलं. म्हणजे पुढचे चार शोध एका कागदात. 1850 नंतरच्या नोंदीत लग्नाचा करार झाला का आणि कुठल्या नोटरीकडे ते पण असतं. लग्न कुठल्या गावात शोधायचं? आधी मुलीच्या गावात.

आणि बायका. आपल्याकडे लग्न झालं की आडनाव बदलतं, कित्येक घरांत नावसुद्धा बदलायचे, आणि तीन पिढ्या मागे गेलं की पणजीचं माहेर कुठलं हे कोणालाच सांगता येत नाही. फ्रेंच रजिस्टरात बाई जन्मापासून मृत्यूपर्यंत माहेरच्याच नावाने. "अमक्याची बायको", "अमक्याची विधवा" असं पुढे लिहितात, पण नाव तिचं स्वतःचं. 1794 च्या कायद्याने तर जन्मनोंदीतलं नाव सोडून दुसरं लावायलाच बंदी घातली. त्यामुळे तिथे आईकडची बाजू बापाकडच्या इतकीच सहज सापडते, आणि मी तर म्हणते तीच आधी काढा, घरच्यांना ती कमी माहीत असते.

पानाच्या कडेला काही खरडलेलं असेल तर ते आधी वाचा. 1897 पासून लग्न झालं की त्याची तारीख आणि गाव जन्मनोंदीच्या कडेला लिहायला लागले, 1945 पासून मृत्यूही. म्हणजे 1880 ला जन्मलेल्या मुलीचं लग्न 1903 मध्ये दुसऱ्याच जिल्ह्यात झालं तरी ते तिच्या जन्माच्या पानावर कडेला सापडेल.

अक्षराची भीती बाळगू नका. एकाच कारकुनाची पाचसात पानं वाचली की त्याचा हात कळतो, ठरीव वाक्यं तीच तीच असतात. सगळ्यात मोठी फसवणूक महिन्यांची. 7 लिहून पुढे "ब्र" असेल तर तो जुलै नाही, सप्टेंबर. 8 ला ऑक्टोबर, 9 ला नोव्हेंबर, आणि रोमन दहा, म्हणजे आडवी फुली, असेल तर डिसेंबर. जुन्या रोमन मोजणीचा हा हिशोब, आणि यात दोन महिन्यांची चूक करून ठेवलेली झाडं नेटवर ढिगाने आहेत. नावापुढे "फ" ने सुरू होणारा छोटासा "फ्यो" दिसला तर तो माणूस तेव्हा वारलेला होता, "व्हव्ह" म्हणजे विधवा. धंद्याच्या बाबतीत जुर्नालिए म्हणजे रोजंदारीवरचा मजूर, तिसरां म्हणजे विणकर, आणि लाबुरर वाचून इंग्रजीच्या सवयीने मजूर समजू नका, तो स्वतःचा नांगर-घोडे असलेला, गावातला बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी शेतकरी. आडनावाचं स्पेलिंग मनावर घेऊ नका, भाऊ-भाऊ वेगळं स्पेलिंग घेऊन फिरतात. खाली सह्या बघा, एकाच माणसाची सही दोन नोंदींत जुळली तर त्याहून पक्का पुरावा नाही, आणि सही नसेल तर "सही येत नाही असं सांगितलं" असं लिहिलेलं असतं, तीही माहितीच.

क्रांतीचं कॅलेंडर

मागे मागे जाताना 1805 च्या शेवटाला पोचलं की तारखा अचानक विचित्र दिसायला लागतात, ब्र्युमेर, जेर्मिनाल, फ्रुक्तिदोर. क्रांतीवाल्यांनी नवीन कॅलेंडर आणलं होतं, वर्ष 1 ची सुरुवात 22 सप्टेंबर 1792, तीस तीस दिवसांचे बारा महिने आणि वर उरलेले पाच-सहा दिवस वेगळे. हे 1793 पासून वापरात आलं आणि 1 जानेवारी 1806 ला गेलं. बदलून देणारे कन्व्हर्टर नेटवर खूप, स्वतः डोकं घालू नका, फक्त कन्व्हर्टर बरोबर आहे का ते तपासायला वर्ष 8 चा 18 ब्र्युमेर टाका, नेपोलियनने सत्ता घेतली तो दिवस, 9 नोव्हेंबर 1799 यायला पाहिजे.

या काळातलं एक लग्न सापडत नाही म्हणून बरेच जण अडकतात. वर्ष 7 आणि वर्ष 8 मध्ये, म्हणजे सप्टेंबर 1798 ते जुलै 1800, लग्नं गावात लावायला बंदीच होती. दर दहाव्या दिवशी, ज्याला देकादी म्हणायचे, कँटनच्या, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटाच्या, मुख्य गावात जाऊन लावायची. तर तुमच्या गावचं रजिस्टर त्या दोन वर्षांत कोरं दिसलं तर कँटनचं मुख्य गाव कुठलं ते बघून तिथलं उघडा.

1792 च्या आधी

20 सप्टेंबर 1792 ला नोंदी सरकारकडे आल्या. त्याच्या मागे चर्चची रजिस्टरं, आणि दोन शब्द बदलतात, बातेम म्हणजे बाप्तिस्मा, मारियाज तेच, सेप्युल्त्यूर म्हणजे दफन. पाद्र्यांनी बाप्तिस्मे लिहायचे हे 1539 च्या व्हिलेर-कोत्रेच्या राजाज्ञेने ठरलं, लग्न-दफन 1579 ला, आणि 1667 ला दोन प्रती ठेवायचा हुकूम निघाला, एक चर्चमध्ये, एक कोर्टात. या दोन प्रतींचा आपल्याला आजही फायदा, एक फाटली, जळली, उंदरांनी खाल्ली तर दुसरी असते, म्हणून साइटवर एकाच गावाचे दोन संच दिसले तर दोन्ही बघायचे.

इथे सूची नसते, यादी नसते, पान पान उलटायचं. लग्नाच्या नोंदीत पुष्कळदा वयही नसतं, तेव्हा बाप्तिस्म्यातले धर्मबाप आणि धर्मआई कोण ते लिहून घ्या, ते बहुतेक काका, मामा, आजी असतात, आणि एकाच नावाचे दोन चुलतभाऊ वेगळे काढायला तेच उपयोगी पडतात. बहुतेक गावांत 1650-1670 च्या आसपास वाट संपते. याहून जुनं असतं पण ते नशिबाचं, ब्रिटनीतल्या रोझ-लांद्रिअचे बाप्तिस्मे 1451 पासूनचे, बर्गंडीतल्या जिव्हरीचं रजिस्टर तर 1334 चं, त्यात 1348 च्या प्लेगमध्ये वाढत गेलेली दफनं दिसतात. प्रोटेस्टंट घराणं असेल तर 1685 ला नांतचा हुकूम, म्हणजे प्रोटेस्टंटांना धर्माची मोकळीक देणारा, रद्द झाल्यापासून 1787 पर्यंत त्यांची अधिकृत नोंद अशी नव्हतीच, तिथे नोटरीच्या कागदांचाच आधार.

जनगणना पण बघायची, पण भराभर. 1836 पासून 1936 पर्यंत साधारण दर पाच वर्षांनी घरवार नावं लिहिलेली, युद्धाने 1916 ची हुकली. पोरंबाळं, सासू, नोकर, घरात कोण कोण होतं ते एका नजरेत कळतं.

जिथे हमखास अडतं

पॅरिस. मे 1871 मध्ये कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या उठावाच्या, धामधुमीत नगरभवन जळालं आणि कोर्टाची इमारतही, म्हणजे दोन प्रतींमधली एकही वाचली नाही. 1860 च्या आधीच्या सुमारे 80 लाख नोंदी गेल्या. नंतर लोकांकडच्या नकला, चर्चचे दाखले गोळा करून साधारण एक तृतीयांश परत उभ्या केल्या, त्या पॅरिस आर्काइव्हच्या साइटवर "रिकॉन्स्तित्युए" या नावाखाली मिळतात. तुमचा माणूस त्यात नसेल तर रडत बसण्यात अर्थ नाही, नोटरीचे कागद, फौजेचं रजिस्टर, गावाकडचे नातेवाईक असं आडवाटेने जायचं. 1860 च्या नंतर मात्र सगळं आहे, फक्त वीस आरोंदिस्मां, म्हणजे शहराचे वॉर्ड, प्रत्येकाचं वेगळं रजिस्टर.

अल्सास आणि मोझेल 1871 ते 1918 जर्मनीत होते, नोंदी जर्मनमध्ये, अक्षरही जर्मन वळणाचं. 1872 मध्ये ज्यांनी फ्रेंच राहायचं निवडलं त्यांच्या याद्या आहेत आणि त्यात जन्मगाव मिळतं. साव्हवा आणि नीस 1860 पर्यंत फ्रान्समध्ये नव्हते, मधली क्रांती-नेपोलियनची वीसेक वर्षं सोडली तर सार्डिनियाच्या राजाकडे. आणि नॉर्मंडीतल्या मांश जिल्ह्याचं आर्काइव्ह जून 1944 च्या बाँबहल्ल्यात सां-लो शहराबरोबर गेलं, तिथे गावाकडे राहिलेली प्रत हाच आधार.

काहीही सापडलं की तिथल्या तिथे गाव, साल, रजिस्टरचा कोत म्हणजे क्रमांक, आणि फोटोचा नंबर लिहा, "212 पैकी 134" असा, नाहीतर महिन्याने तेच पान परत शोधत बसाल. माणसांना नंबर द्यायची तिथली सोसा पद्धत छान आहे, मूळ व्यक्ती 1, बाप 2, आई 3, कोणाचाही बाप म्हणजे त्याच्या नंबराची दुप्पट आणि आई त्यात एक मिळवून. 1 नंबर सोडला तर बायका नेहमी विषम, पुरुष सम.

आपल्याकडचे धागे

महादजी शिंद्यांच्या कवायती कंपूचा डी बॉइन हा मराठी इतिहासात फ्रेंच म्हणून येतो, पण जन्म 1751 चा, शांबेरीचा, म्हणजे साव्हवा, तेव्हा फ्रान्स नाहीच. शिवाय जन्मनाव लबोर्न्य, पुढे डी बॉइन केलं. त्याला शोधायचं तर साव्हवा जिल्ह्याचं आर्काइव्ह आणि लबोर्न्य हे नाव. त्याच्या मागून आलेला आणि 1803 पर्यंत दौलतरावांच्या फौजेवर असलेला पेरों, त्याचंही खरं आडनाव क्युइए, सार्त जिल्ह्यातलं घराणं, 1834 ला फ्रान्समध्येच वारला. इतिहासाच्या पुस्तकातलं नाव घेऊन रजिस्टर उघडलंत तर दोघंही सापडणार नाहीत.

फ्रेंच कंपनीच्या जहाजांवरून हिंदुस्थानात आलेले खलाशी, शिपाई, प्रवासी हवे असतील तर परत मेमवार देझ ओमवरच कंपनीच्या जहाजांचा वेगळा विभाग आहे, लोरियांच्या कागदांवरून केलेला. पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानम, चंद्रनगर इथल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी एक्स-आं-प्रोव्हांसच्या आनोम या वसाहतींच्या आर्काइव्हच्या साइटवर आहेत. 1776 च्या राजाज्ञेने वसाहतींमधून एक जादा प्रत फ्रान्सला पाठवायचं ठरलं म्हणून आज त्या घरबसल्या बघता येतात. पाँडिचेरीच्या तमिळ घराण्यांत 1881 चा हुकूम महत्त्वाचा, त्याने ज्यांनी आपला जातीधर्माचा वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच कायदा घेतला त्या रनोंसांना कायमचं आडनाव निवडावं लागलं, म्हणजे आडनावाचा माग तिथपर्यंतच, त्यामागे बापाचं नाव धरून जायचं. नंतर 16 ऑगस्ट 1962 ला पाँडिचेरीचं भारताकडे हस्तांतर कायदेशीर झालं आणि फ्रेंच नागरिकत्व निवडायला सहा महिने दिले, तेव्हा ज्यांनी ते घेतलं त्यांच्या अलीकडच्या नोंदींसाठी मेरीला नाही, नांतच्या केंद्रीय एता सिव्हिल कार्यालयाला लिहायचं. परदेशात जन्मलेल्या सगळ्या फ्रेंच नागरिकांचं दफ्तर तिथे आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि तोही फुकट.